भिंतीला लावलेला बर्फ

भट्टी पेटली नाही हे हेल्मीला आधी कानांनी कळलं. ती ओट्यापाशी उभी राहून कॉफीत दूध ओतत होती आणि पायाखालून, तळघरातून, रोजचे आवाज रोजच्या क्रमाने येत होते. टिक्. मग छोट्या पंख्याची घरघर. मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग तो भस्सकन जाळ धरल्याचा आवाज, ज्याच्यानंतर मिनिटाभरात जमिनीतल्या जाळीतून गरम वारा पायांवर यायचा. आज घरघर झाली, चालू राहिली, आणि थांबली. जाळ नाही. हेल्मी दुधाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने पुन्हा टिक्, पुन्हा घरघर, पुन्हा तेच. भिंतीवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर रात्री अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवलेलं घर अठ्ठावन्नवर आलेलं. बाहेर उणे सव्वीस. "आजच हिला अवदसा आठवायची होती," ती पुटपुटली आणि टेबलाशी बसलेल्या आर्वोकडे चोरून पाहिलं. त्याचं लक्ष नव्हतं. वेलचीच्या पावावरचे साखरेचे दाणे तो बोटाने एकेक टिपून खात होता.

चौतीस वर्षं अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या डुलुथ गावातल्या भट्ट्या आर्वोने दुरुस्त केल्या. टेकडीवरच्या एकूण एक घराचं तळघर त्याला ठाऊक होतं. लोकांची नावं तो विसरायचा, पण "ती हिरव्या दाराची बाई, तिच्या भट्टीचा पंखा डावीकडे आहे" हे वीस वर्षांनी सांगायचा. आता त्याला हिरवं दारही आठवत नव्हतं. नोव्हेंबरात तो घरातल्या सपाता घालून बाहेर पडला आणि बसच्या थांब्यावर सापडला, तेव्हा मुलगी कार्ला तीन तासांचा रस्ता तुडवत शहरातून आली आणि याच टेबलाशी बसून म्हणाली होती, "आई, आणखी एकदा. आणखी एकदा काहीही झालं की मी बाबांना तिकडे ठेवणार. तू रडलीस तरी." तिकडे म्हणजे विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या त्या घरात. तिथल्या यादीत आर्वोचं नाव लागलेलं होतं आणि परवा त्यांचा निरोप आला होता की एक खोली रिकामी झालीय, सोमवारपर्यंत कळवा. आज शनिवार. दर शनिवारी बरोबर बाराला कार्लाचा फोन यायचा. हेल्मीने ठरवून ठेवलं होतं काय सांगायचं. नको म्हणून सांगायचं. आमचं बरं चाललंय म्हणून सांगायचं. आणि आता नऊ वाजता ही भट्टी तोंड फिरवून बसली होती.

तिने दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई जांभई दाबत बोलत होती. "तुमच्या आधी एकेचाळीस घरं आहेत बाई. थंडी अशी पडली की सगळ्यांच्याच बसतात. उद्या संध्याकाळी बघू. घरात लहान मूल आहे का? आजारी कोणी?" हेल्मीने आर्वोकडे पाहिलं. तो आता रिकाम्या बशीतलं बोट चाटत होता. "नाही," ती म्हणाली, "आजारी कोणी नाही." आणि फोन ठेवल्यावर तिचा तिलाच राग आला, की एवढं धडधडीत खोटं बोलायला आपल्याला कोणी सांगितलं होतं. पण आजारी आहे म्हटलं की विचारणार, कोण, काय, मग कुठेतरी लिहून घेणार, आणि हेल्मीला हल्ली कोणी काही लिहून घेतलं की धडकीच भरायची.

तिने आर्वोला दुसरा स्वेटर चढवला, मांडीवर गोधडी टाकली आणि विजेरी घेऊन तळघरात उतरली. आर्वोबरोबर सत्तावन्न वर्षं काढल्यावर भट्टी म्हणजे काय हे तिला बरंच कळत होतं. कामावर होता तेव्हा तो रात्री जेवताना सगळं सांगायचा, तिला कंटाळा यायचा, आणि ती हं हं करत राहायची. वर काटा मागणी करतो, मग छोटा पंखा फिरून आतली घाण हवा बाहेर ढकलतो, मग हवेची कळ म्हणते हो, हवा मोकळी आहे, मग कांडी लाल होते, मग गॅस सुटतो. प्रत्येकाने आधीच्याचा होकार घ्यायचा. एकाने जरी मान हलवली नाही तरी पुढचा जागचा हलत नाही. "लोकांना वाटतं बिघडली," तो म्हणायचा, "अगं बिघडली नाही, ती नको म्हणतेय. का नको म्हणतेय ते शोधायचं." ती हं म्हणायची आणि बटाटे वाढायची. ते सगळं हं हं करत ऐकलेलं आज एकेक करून तिच्या हाताशी येत होतं, आणि हे तेव्हा नीट ऐकलं असतं तर, असं तिला वाटत होतं.

बाजूचं बटण चालू होतं. गॅसची मूठ नळाच्या रेषेत होती, म्हणजे उघडी. वर शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. गाळणी काढून उजेडात धरली, ती बरी होती. मग तिने भट्टीचं पुढचं झाकण काढलं आणि आतल्या बाजूला आर्वोचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं. दर ऑक्टोबरात भट्टी साफ केली की तो तिथे तारीख टाकायचा. दोन हजार नऊ, दहा, अकरा, सगळ्या एकाखाली एक, अक्षर सरळ. शेवटून दुसरी जरा तिरकी. आणि शेवटची, तेवढ्याच काळजीने लिहिलेली: बारा ऑक्टोबर एकोणीसशे अडुसष्ट. हे तिने दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. पाहिलं आणि झाकण लावून टाकलं, कार्लाला बोलली नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, चुकतं माणूस. अडुसष्ट साली त्याचं नि तिचं लग्न ठरलं होतं. त्याच्या डोक्यात तेच साल बसलं असेल, तर त्यात वाईट काय, असंही तेव्हा तिने मनाशी म्हणून घेतलं होतं. आता विजेरीच्या उजेडात ती तारीख बघताना तिला वाटलं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलून काय झालं असतं? दोन वर्षं आधी खोली मिळाली असती, एवढंच.

आतला छोटा दिवा लुकलुकत होता. एक, दोन, तीन, मग थांबायचा. पुन्हा एक, दोन, तीन. हवेच्या कळीकडे जाणारी रबरी नळी तिने उपसली, फुंकून पाहिली, पाणी नव्हतं. जाळ ओळखणारी ती बारीक सळई काढून तारेच्या चोथ्याने घासली, कारण आर्वो नेहमी आधी तीच घासायचा. लाल होणाऱ्या कांडीला मात्र बोट लावलं नाही. एकदा, ही भट्टी नवीन बसवली तेव्हा, तिने कौतुकाने ती कांडी उचलली होती आणि तो केवढा ओरडला होता. "बोटाचं तेल लागलं की तडकते ती! पावाचं पीठ आहे का ते?" आख्ख्या संसारात तो तिच्यावर ओरडला असेल चार-पाच वेळा, त्यातली ही एक. आता तो ओरडत नव्हता. आता तो ती सांगेल ते ऐकायचा, सांगितला तो हात बाहीत घालायचा, आणि तिला ते बघवायचं नाही. तिने सगळं जागच्या जागी बसवून झाकण लावलं. टिक्. घरघर. ती श्वास रोखून उभी राहिली. घरघर थांबली. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. "मर मेले," ती भट्टीला म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पाय बर्फ झाले होते. तसे ते हल्ली रोजच व्हायचे, रोज रात्री जेवताना ती म्हणायची, "या घरात माझे पाय काही गरम होत नाहीत बाई." ते ती भिंतींनाच सांगायची, दुसरं ऐकायला होतं कोण.

वर आली तेव्हा काटा चौपन्नवर होता. आर्वो खिडकीपाशी उभा होता. काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती आणि तो नखाने त्यात एक गोल खरवडत होता. तिने सहज म्हणून, नुसतं कोणाला तरी सांगावं म्हणून म्हटलं, "आर्वो, भट्टी पेटत नाहीये."

"कोणाची?"

"आपली."

तो चांगलाच दुखावला. "माझी भट्टी बंद पडत नाही. गिऱ्हाइकांच्या पडतात."

"बरं बाबा. गिऱ्हाइकाची समज. एका बाईचा फोन आलाय."

"बाई कशी आहे?"

"म्हातारी आहे. कटकटी आहे."

"मग तिला सांग, आधी काट्यातली बॅटरी बघ म्हणावं. अर्ध्या कटकटी बायका तिथेच गप्प होतात." आणि तो हसला. हे हसणं तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

ती त्याच्या अगदी जवळ गेली, जसं काही मोठ्याने बोललं तर ते उडून जाईल. "बॅटरी बघितली तिने. दिवा तीनदा लुकलुकतो म्हणते."

"तीनदा. छोटा पंखा फिरतो?"

"फिरतो. आणि थांबतो."

"नळीत पाणी?"

"फुंकून पाहिलं. कोरडी आहे."

"बाई हुशार आहे," आर्वो म्हणाला. त्याने खरवडलेल्या गोलातून बाहेर पाहिलं, आणि त्याचा चेहरा, हेल्मीला शपथेवर सांगता आलं असतं, पस्तिशीतला होता. "मग हवा. बाहेरचे पाईप बघायला सांग. लोक नुसते तळघरात खुडबुडत बसतात, बाहेर जाऊन कोणी बघत नाही. भट्टीचं नाक बाहेर असतं. नाक दाबलं की ती पेटणार नाही, आणि पेटू नयेच. पेटली तर घरात माणसं मरतात." एकदा, कार्ला शाळेत असताना, तो एका घरून परत आला होता आणि जेवला नव्हता. त्या घरात जुनी भट्टी होती, नको म्हणायला न शिकलेली. टेबलावर कॉफीचे कप तसेच होते, एवढंच त्याने सांगितलं होतं. पुढे आपल्या घरात ही नवी, नको म्हणता येणारी भट्टी त्याने बसवली ती त्यामुळेच. हे सगळं अजून त्याच्या आत होतं तर! कुठे होतं इतके दिवस? हेल्मीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. "हे काय," तो म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर?"

ती बूट चढवताना हसत होती. स्वतःशीच बोलत होती. बाराला कार्लाला सांगायचं, अगं बाबांनीच दुरुस्त केली. खुर्चीत बसल्या बसल्या, एका वाक्यात. त्या तुमच्या घरात कोण विचारणार आहे त्याला, भट्टीचा दिवा किती वेळा लुकलुकतो म्हणून? तिथे त्याला कागदाची फुलं करायला लावतील. तिने गळपट्टा नाकावरून घेतला, मागचं दार उघडलं, आणि थंडीने डोळ्यांत पाणी आणलं. टेकडीखाली तळ्यातून वाफा निघत होत्या. ती घराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीकडे गेली आणि थांबली.

भिंतीला बर्फ लावलेला होता. पडलेला नव्हे, वाऱ्याने साठलेला नव्हे, लावलेला. जमिनीपासून कमरेपर्यंत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, फावड्याच्या पाठीने थापून थापून गुळगुळीत केलेला, वरची कड दोरी धरून आखल्यासारखी. भट्टीच्या दोन पांढऱ्या पाईपांचा कुठे मागमूस नव्हता. हे काम कोणाचं हे विचारायची गरजच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती त्याच्या वडलांच्या शेतावरच्या घरी गेली होती तेव्हा सासरे हेच करत होते. आधी खाली सूचिपर्णी झाडांच्या फांद्या, मग बर्फ, मग फावड्याची पाठ. फटीतून वारा शिरू नये, जमीन गारठू नये म्हणून घराला बर्फाचा शेला गुंडाळायचा. तिकडे तेव्हा सगळेच तसं करायचे. आत लाकडाची शेगडी असायची, धुराडं छपरातून जायचं, भिंतीतून श्वास घेणारं तिथे काही नव्हतं. आर्वो त्यांच्याशेजारी उभा राहून थापत होता, दोघं न बोलता. काल दुपारी हेल्मीचा डोळा लागला होता, तासभर. फक्त तासभर. पुढच्या दाराला कार्लाने घंटा बांधून दिली होती, मागच्या दाराला नव्हती. रात्रभर भट्टी त्या बर्फात वाफ सोडत राहिली, ती वाफ पाईपांच्या तोंडाशी काचेसारखी गोठत गेली, आणि पहाटे कधीतरी भट्टीने नको म्हटलं.

ती फावडं घेऊन खणायला लागली. बर्फ इतका चांगला थापला होता की फावडं आधी आत जाईना. रडायलाही फुरसत नव्हती, पापण्या चिकटायला लागल्या होत्या. काय सुंदर काम केलंय मेल्याने, हेच तिच्या मनात येत होतं, पुन्हा पुन्हा, काय सुंदर काम. पाईप सापडले तेव्हा त्यांच्या तोंडात मुठीएवढे बर्फाचे गोळे होते. तिने ते फावड्याच्या दांड्याने फोडून काढले. घरात जाऊन तळघरात उतरली. टिक्. घरघर. कांडी लाल झाली. भस्स. मोठा पंखा फिरला. तिचा जीव भांड्यात पडला असं म्हणावं, तर भांडंच फुटलेलं होतं. तिने फावडं वर नेलंच नाही. तळघरातल्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीचं, दार उघडून बाकाखाली दडवलं आणि वर आली.

"सापडलं का बाईला?" आर्वोने विचारलं.

"सापडलं. पाईप बर्फात पुरले होते."

"कुठल्या गाढवाने पुरले?"

"असेल कोणी," हेल्मी म्हणाली.

"गाढवच असणार." तो मान हलवत राहिला. मग जाळीतून आलेला गरम वारा त्याच्या पायाला लागला आणि तो खाली बघायला लागला, हे काय आलं म्हणून. चेहरा पुन्हा कालचा झाला होता. हेल्मी त्याच्यासमोर बसून राहिली. बाराला दहा कमी होते. ती मनाशी जुळवाजुळव करत होती. कार्लाला पाईपांचं सांगायचं नाही. वाऱ्याने साठला म्हणायचं, तेही विचारलं तरच. फावडं दडवलंय. मागच्या दाराला कडी लावायची, दुसरी घंटा आणायची. दुपारी झोपायचं नाही. डोळ्यांत तेल घालून बसायचं. माणूस एवढं करू शकतं की नाही? शकतं. मग तिला शौचाला लागली आणि ती आत गेली, आणि ती बाहेर येते न येते तोच फोन वाजला.

"आई? आवाज का असा येतोय?"

"कॉफी पितेय. तुझी तब्येत?"

"माझं सोड. बाबा कसे आहेत?"

"छान आहेत. तुला सांगायचंच होतं. आज इतकं छान बोलले. भट्टीबद्दल विचारलं तर अगदी आधीसारखं..." तिने टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, गोधडी जमिनीवर. स्वच्छतागृहात गेला असेल. नाही, तिथून तर तीच आत्ता आली होती.

"काय झालं भट्टीला?"

"काही नाही गं. चालू आहे."

"आई, त्या लोकांना सोमवारी सांगायचंय. मी आजच सांगून टाकते. काय सांगू? खरं सांग हं."

हेल्मीने तोंड उघडलं. नको, हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, सकाळपासून तयार होता. आणि पायाखाली मोठा पंखा मंदावला आणि थांबला. टिक्. घरघर. तिने ऐकलं. घरघर चालू राहिली, आणि थांबली. फोनची तार ओढत ती खिडकीशी गेली. आर्वोने खरवडलेल्या गोलातून पाहिलं तर खिडकीखाली एक लोकरी टोपी खालीवर होत होती. मागचं दार. बर्फ खणून आली तेव्हा घाईत कडी लावायची राहिली होती, हे तिला तेव्हा, त्या क्षणी आठवलं. तो उभा राहिला. पाव भाजायचा पत्रा त्याच्या हातात होता, त्याच पत्र्याने तो भिंतीवर बर्फ थापत होता, आणि हात उघडे होते, बोटं पांढरी पडलेली. ती दिसल्याबरोबर त्याने हात वर केला आणि कामावरून परतताना करायचा तसा हसला.

"आई? आई, ऐकतेयस ना? काय सांगू?"

"हो सांग," हेल्मी म्हणाली.

"काय?"

"हो म्हणून सांग. आणि तू ये. आजच ये."

तिने फोन ठेवला. त्याचे हातमोजे घेतले, स्वतःचा कोट घेतला आणि बाहेर गेली. तो शेवटचा हात फिरवत होता. तिने त्याच्या हातातून पत्रा सोडवून घेतला, बोटं स्वतःच्या काखेत धरली, एकेक करून मोज्यांत घातली. ती बोटं लाकडासारखी लागत होती. त्याने प्रतिकार केला नाही. फक्त भिंतीकडे मान वळवून, काम नीट झालंय ना हे एकदा पाहून घेतलं.

"बघ," तो म्हणाला, "रोज म्हणतेस ना, पाय गरम होत नाहीत. आता होतील."